ऑनर्सचं चौथं वर्ष पहिल्याच सेमिस्टरला सुरू होतं

जूनमधली गोष्ट. आमच्या कॉलेजात प्रवेशाचं टेबल मांडलेलं, बाहेर पाऊस लागलेला. भुदरगड तालुक्यातून एक वडील आपल्या मुलीला घेऊन आले होते. प्लास्टिकच्या पिशवीत बारावीचं गुणपत्रक, दाखला, आधार, सगळं नीट घडी करून ठेवलेलं. मुलीला बीएस्सीला घालायचं ठरलं होतं. माहितीपत्रकावरच्या एका ओळीवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, तीन वर्सात डिगरी मिळतीया म्हंता, मग हे चार वर्साचं ऑनर्स कशाला ओ? पोरीचं एक वरीस फुकट जायाचं न्हाई न्हवं?"

मागे रांग होती. तेव्हा मी दोन वाक्यांत उत्तर दिलं आणि ते अपुरं आहे हे मलाच जाणवत राहिलं. प्रश्न अगदी रास्त होता. ज्यांच्या घरातलं पहिलंच पोर कॉलेजची पायरी चढतंय, त्यांना हा हिशेब कुणीतरी बसून समजावून सांगायला हवा. म्हणून हा लेख.

सुरुवात 'ऑनर्स' या शब्दापासूनच करावी लागेल, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो. आपल्याकडे जुन्या पिढीत ऑनर्स फारसं कुणी म्हणत नसे. 'बीए स्पेशल मराठी', 'बीए स्पेशल इतिहास' असं म्हणायचे. दिल्ली विद्यापीठात मात्र तीन वर्षांचीच पदवी ऑनर्स असायची. इंजिनिअरिंगमध्ये या शब्दाचा अर्थ आणखी तिसराच आहे. तिथे नेहमीच्या १६० क्रेडिट्सच्या (क्रेडिट म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप, पुढे सांगते) वर साधारण १८ ते २० जादा क्रेडिट्स घेतली की पदवीपुढे ऑनर्स लागतं आणि वर्षं चारच राहतात. त्यामुळे बीटेकला असलेला चुलतभाऊ ऑनर्सबद्दल जे सांगेल, ते बीए, बीकॉम, बीएस्सीच्या मुलांना लागू पडेलच असं नाही. हा लेख या दुसऱ्या मुलांसाठी आहे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, डिसेंबर २०२२ मध्ये पदवीचा नवा आराखडा काढला. महाराष्ट्र सरकारने तो शासन निर्णयांमधून आपल्याकडे बसवला. त्यात तीन वर्षांची पदवी आहे आणि तिच्यापुढे चौथ्या वर्षाची ऑनर्स पदवी आहे. जुन्या 'दहा अधिक दोन अधिक तीन' या साच्याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की 'अधिक चार' ऐकलं की धस्स होतं. हा जुना साचा १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाच्या शिफारशींतून आला. त्या आयोगाचे सदस्य सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच जिल्ह्यातले, आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे. पदवी किती वर्षांची असावी, हा वाद कोल्हापूरला काही नवा नाही.

आता क्रेडिट. कागदोपत्री मराठीत याला 'श्रेयांक' म्हणतात, पण वर्गात क्रेडिटच चालतं. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरभरात १५ तासांचं वर्गातलं शिकणं. प्रात्यक्षिक किंवा गावात जाऊन करायचं काम असेल तर एका क्रेडिटला ३० तास. चार क्रेडिट्सचा पेपर म्हणजे ६० तासांची व्याख्यानं. आपल्या राज्यात एका सेमिस्टरला २० ते २२ क्रेडिट्स असतात, वर्षाला ४० ते ४४. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिट्सना मिळते, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ ना. एका वर्षानंतर थांबायचं असेल तर प्रमाणपत्र आणि दोन वर्षांनंतर थांबलात तर पदविका मिळते. मात्र दोन्ही वेळा चार क्रेडिट्सचा जादा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप करावी लागते. घरची अडचण आली, लग्न झालं, शेतीत माणूस कमी पडला आणि शिक्षण मधेच सुटलं, तर ती दोन वर्षं पूर्वी शून्यात जायची. आता तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण सात वर्षांत पदवी पुरी करता येते. मला या आराखड्यातलं हे सगळ्यात मोलाचं वाटतं, ऑनर्सपेक्षाही.

ही क्रेडिट्स साठतात 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स'मध्ये. बँक म्हटल्यावर पालक दचकतात, पण यात पैशाचा काही संबंध नाही. डिजिलॉकरवरून बारा अंकी ओळख क्रमांक काढायचा. विद्यापीठ तुमची क्रेडिट्स त्यावर जमा करतं. फक्त आधारवरचं नाव आणि बारावीच्या गुणपत्रकावरचं नाव एकच हवं. एकीकडे 'दत्तात्रय' आणि दुसरीकडे 'दत्तात्रेय' एवढ्या फरकावरून मुलं अडकलेली मी पाहिली आहेत. हे काम पहिल्या सेमिस्टरलाच उरकून टाका.

प्रवेशाचं म्हणाल तर पहिल्या वर्षाला ऑनर्ससाठी वेगळी चाळणी सहसा नसते. बीए, बीकॉम, बीएस्सीला बारावीच्या गुणांवर कॉलेज प्रवेश देतं. बीबीए, बीसीएसारख्या अभ्यासक्रमांना २०२४ पासून राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, आहे, एवढा फरक. म्हणजे सगळे एकाच दारातून आत येतात आणि तीन वर्षं एकत्रच शिकतात. फाटा फुटतो तो तिसऱ्या वर्षाच्या शेवटी.

त्या फाट्यावर तीन वाटा आहेत. तीन वर्षांची पदवी घेऊन बाहेर पडणं, ही पहिली. चौथं वर्ष करून 'ऑनर्स' घेणं, ही दुसरी. आणि चौथं वर्ष संशोधन करून 'ऑनर्स विथ रिसर्च' घेणं, ही तिसरी. ७५ टक्क्यांची जी अट सगळीकडे ऐकू येते, ती यूजीसीच्या आराखड्यात या तिसऱ्या वाटेला आहे: पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये मिळून ७५ टक्के किंवा त्याच्या बरोबरीची श्रेणी. साध्या ऑनर्सला ही अट नाही. तरीही "मला ७५ नाहीत, म्हणजे ऑनर्स आपल्याला नाहीच" असं म्हणून किती मुलं विचारायलासुद्धा येत नाहीत! त्यांना तीन वर्षांची क्रेडिट्स पुरी करून साध्या ऑनर्सला बसता येतं. संशोधन प्रकल्पाच्या १२ क्रेडिट्सऐवजी त्यांना तेवढ्याच क्रेडिट्सचे वरच्या पातळीचे पेपर किंवा प्रत्यक्ष कामाचा अनुभव असतो.

आणखी एक ७५ आहे आणि ते पहिल्यात मिसळून जातं. यूजीसीच्या २०२२ च्या पीएचडी नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीनंतर, एमए-एमएस्सी न करता, थेट पीएचडीच्या प्रवेशाला बसता येतं. त्यासाठी चारही वर्षांचे मिळून ७५ टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती, नॉन-क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या विद्यार्थ्यांना त्यात ५ टक्क्यांची सूट आहे. २०२४ पासून नेट या प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेलाही असे विद्यार्थी बसू शकतात. एक ७५ संशोधनाच्या वर्षात शिरताना बघतात, दुसरं पीएचडीला जाताना. सहा सेमिस्टरला ७६ होते आणि चौथ्या वर्षात घसरून एकूण ७४ झाले, तर पदवी हातात येईल, पण सूट नसेल तर थेट पीएचडीचं दार बंद होईल.

हे सगळं ज्या श्रेणीवर उभं आहे, तिचा हिशेब आता कागद-पेन घेऊन करू. माझं मुख्य सांगणंही याच हिशेबात आहे.

दहा गुणांच्या श्रेणीत ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४ आणि नापास झालात तर शून्य. प्रत्येक पेपरच्या श्रेणीला त्याच्या क्रेडिट्सनी गुणायचं, सगळी बेरीज करायची आणि एकूण क्रेडिट्सनी भागायचं. जे येतं तो त्या सेमिस्टरचा एसजीपीए. सगळ्या सेमिस्टरचं मिळून तसंच काढलं की सीजीपीए. टक्क्यांत त्याचं रूपांतर कसं करायचं, हे गुणपत्रकाच्या मागे छापलेलं असतं, ते वाचा. इथे सोयीसाठी साडेसात म्हणजे ७५ धरू.

पहिल्या सेमिस्टरला २२ क्रेडिट्स आहेत असं समजा. मेजरचा, म्हणजे मुख्य विषयाचा, चार क्रेडिट्सचा पेपर: बी प्लस, सात चोक अठ्ठावीस. मेजरचंच दोन क्रेडिट्सचं प्रात्यक्षिक: ए प्लस, अठरा. दुसऱ्या शाखेतून घ्यायचा चार क्रेडिट्सचा खुला विषय: बी, चोवीस. कौशल्याचे दोन पेपर मिळून चार क्रेडिट्स: ए, बत्तीस. मग भाषा, मूल्यशिक्षण आणि भारतीय ज्ञानपरंपरा हे दोन-दोन क्रेडिट्सचे तीन पेपर, मिळून सहा. यांना मुलं 'किरकोळ पेपर' म्हणतात आणि आदल्या रात्री वाचतात. तिथे आला सी: सहा गुणिले पाच, तीस. शेवटी एनएसएस किंवा खेळाचे दोन क्रेडिट्स, ओ श्रेणी: वीस. बेरीज १५२. भागिले २२. उत्तर ६.९१.

आता बाकी सगळं तसंच ठेवा. फक्त त्या तीन किरकोळ पेपरांत सीच्या जागी ए घाला. तीसच्या जागी ४८ येतात, बेरीज १७०, भागिले २२, उत्तर ७.७३.

मेजरमध्ये एक गुणही वाढला नाही. तरी पोरगं साडेसातच्या खालून वर आलं. किरकोळ म्हटलेल्या तीन पेपरांची मिळून सहा क्रेडिट्स होतात आणि मेजरचा सगळ्यात मोठा पेपर चारचा असतो. हे गणित आम्ही शिक्षकसुद्धा वर्गात पुरेसं सांगत नाही. तिसऱ्या वर्षाला एखादी हुशार मुलगी येते, भौतिकशास्त्रात ए प्लस घेतलेली, आणि सीजीपीए ७.३. गुणपत्रकं मागे उलटत गेलं की पहिल्या वर्षाच्या दोन-दोन क्रेडिट्सच्या पेपरांतले सी आणि पी दिसतात. त्या वेळी तिला सांगायला माझ्याकडे काही नसतं. मेजरच्या हुशारीवर झालं असतं तर ती पहिल्या पाचात असती.

मागून भरून काढता येतं, पण ते किती महाग पडतं ते बघा. सहा सेमिस्टरची सरासरी साडेसात हवी, म्हणजे बेरीज ४५. पहिल्या दोन सेमिस्टरला ६.५ आणि ६.७ असतील तर १३.२ झाले. उरलेल्या चारांत ३१.८ हवेत, म्हणजे दर सेमिस्टरला जवळपास आठ. ज्याला साडेसहा मिळत होते, त्याने एकाएकी चार वेळा आठ आणायचे, तेही विषय दरवर्षी अवघड होत असताना. जमतं, मी जमलेलं पाहिलंय. पण ती पोरं रोज रात्री अकरापर्यंत अभ्यासिकेत बसलेली असायची.

समजा संशोधनाच्या वर्षाला प्रवेश मिळाला. मग तिथे करायचं काय? या वर्षात १२ क्रेडिट्सचा संशोधन प्रकल्प असतो, सातव्या सेमिस्टरला थोडा आणि आठव्याला जास्त, शिवाय संशोधन पद्धतीचा पेपर. तीस तासांच्या हिशेबाने प्रकल्पाचे ३६० तास होतात. एवढ्या वेळात जग बदलणारं संशोधन होत नाही, पण एक छोटा प्रश्न नीट विचारायला आणि प्रामाणिकपणे तपासायला विद्यार्थी शिकतो.

प्रश्न छोटा करणं हेच पहिल्या महिन्यातलं खरं काम. विद्यार्थी येतात ते "पंचगंगेचं प्रदूषण" असा विषय घेऊन. हा विषय एका आयुष्याला पुरून उरेल. मग बसून बोलायचं. नदीचा कुठला भाग? एक घाट धरू. प्रदूषण म्हणजे काय मोजणार? पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजू. कधी? पावसाआधी आणि पावसानंतर. दिवसातल्या कुठल्या वेळी? इथे मुलं थबकतात, कारण पहाटेचा आणि दुपारचा ऑक्सिजन वेगळा असतो हे वर्गात ऐकलेलं असतं, पण त्याचा आपल्या बाटलीशी संबंध जोडलेला नसतो. ठरवलेल्या वेळी घाटाच्या पायरीवर उकिडवं बसून, बाटलीत हवेचा बुडबुडा राहू न देता पाणी भरायचं आणि जागेवरच त्यात रसायन घालायचं. पहिले चार नमुने हमखास फुकट जातात. पाचव्या नमुन्याला हात स्थिर होतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याचं हेच काम पुराभिलेखागारात मोडी कागदासमोर होतं, भूगोलवाल्याचं पुराच्या खुणा मोजत, वाणिज्यवाल्याचं गुऱ्हाळाच्या किंवा चप्पल कारागिराच्या हिशेबाच्या वहीत. आपल्या आजूबाजूला संशोधनाचे विषय पडलेत, ते उचलायला चौथं वर्ष मिळतं.

पण हे वर्ष सगळ्या कॉलेजांत मिळेल असं समजू नका. संशोधनासह ऑनर्स चालवायला त्या विभागात पीएचडीचे मार्गदर्शक होऊ शकतील असे किमान दोन कायम प्राध्यापक, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय लागतं. तालुक्याच्या ठिकाणच्या कॉलेजात शिकवणारे जीव तोडून शिकवत असतील, पण विभागात कायम माणूस एकच असेल तर तिथे ही वाट निघत नाही. मग चौथ्या वर्षाला कॉलेज बदलावं लागतं, कोल्हापुरात किंवा विद्यापीठात यावं लागतं. क्रेडिट बँकेमुळे क्रेडिट्स बरोबर येतात. राहण्याचा प्रश्न मात्र बरोबर येत नाही, तो इथे सोडवावा लागतो. शाहू महाराजांनी १९०१ पासून या शहरात वसतिगृहं उभी करायला घेतली, कारण गावाकडचं पोर शाळेच्या फीपेक्षा राहण्या-जेवणाच्या खर्चापायी मागे फिरतं हे त्यांनी ओळखलं होतं. सव्वाशे वर्षांनी तोच खर्च चौथ्या वर्षाच्या आड उभा आहे. म्हणून दुसऱ्या वर्षातच विभागप्रमुखांना विचारा: आपल्या विषयाचं चौथं वर्ष इथे आहे का, संशोधनाचं आहे का, जागा किती? शिष्यवृत्तीचा महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरचा अर्ज दरवर्षी करावा लागतो, तेव्हा चौथ्या वर्षाचंही खिडकीवर आधीच विचारून ठेवा.

आता त्या वडिलांचा प्रश्न. एक वर्ष फुकट जातं का? एमएस्सी करायचीच असेल तर नाही. तीन वर्षांच्या पदवीनंतर एमएस्सी दोन वर्षांची, एकूण पाच. चार वर्षांच्या ऑनर्सनंतर एमएस्सी एका वर्षाची, एकूण पाचच. फरक इतकाच की ते एक वर्षाचं पदव्युत्तर शिक्षण तुमच्या विषयात कुठे मिळतं हे आधी बघून ठेवायचं. परदेशी जायचं असेल, तर अमेरिकेतली अनेक विद्यापीठं १६ वर्षांचं शिक्षण मागतात. बारा आणि चार मिळून तेवढी होतात.

पण मुलीला एमपीएससी किंवा बँकेच्या परीक्षा द्यायच्या असतील, तर तीन वर्षांची पदवी पुरते. घरात पैशाची निकड असेल, तिसऱ्या वर्षानंतर नोकरी समोर असेल, तर ती घ्यावी. ऑनर्स न घेणारी मुलं कमी हुशार, असं कुणी म्हणत असेल तर ते मला अजिबात मान्य नाही. संशोधनाची, शिकवण्याची, पुढे शिकत राहण्याची ओढ असेल त्यांच्यासाठी हे वर्ष आहे. फक्त ती ओढ तिसऱ्या वर्षाला जागी झाली आणि तोवर सीजीपीए ६.८ वर बसलेला असला, तर हळहळ राहते.

मेजरबद्दल एक राहिलं. यूजीसीच्या आराखड्यात एकूण क्रेडिट्सपैकी किमान निम्मी मेजर विषयाची लागतात. केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलवरचे ऑनलाइन कोर्स करून सेमिस्टरच्या ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट्स मिळवण्याची मुभा यूजीसीने दिली आहे, पण कोर्स निवडण्याआधी तो तुमच्या मेजरमध्ये मोजला जाणार की खुल्या विषयात, हे कॉलेजकडून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर चार महिने घालवू नका.

ती भुदरगडची मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. प्रवेशाच्या आठवड्यातच मी तिला वहीच्या शेवटच्या पानावर सहा ओळी आखायला सांगितल्या होत्या, दर सेमिस्टरला एक. परवा ती पान दाखवायला आली. पहिल्या ओळीत ७.४१, दुसऱ्या ओळीत ७.६८. वडिलांना दाखवलंस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "त्यांनीच बेरीज केली मॅडम, उरलेल्या चारांत किती पायजेत ते." पानाच्या कोपऱ्यात वेगळ्या, जाड अक्षरात लिहिलं होतं: ७.४८.